इंग्रजीच्या पाठाचं टाचण: 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात काय लिहिता?

खडूफळा

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्या शाळेत आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, बी.एड.ची मुलंमुली येतात. सातारा जिल्ह्यातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, वर्गात पन्नासेक मुलं. इंग्रजी अध्यापन पद्धती घेतलेले छात्राध्यापक माझ्याकडे दिले जातात. त्यांची टाचणं, म्हणजे तासाच्या लेखी आखण्या, तपासायच्या, मागच्या बाकावर बसून पाठ बघायचा, शेरा लिहायचा. हे काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच एक गोष्ट इथल्या शिक्षकमंडळींसमोर मांडतो आहे.

टाचणं अतिशय नेटकी असतात. अध्यापन मुद्दे, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन असे पट्टीने आखलेले रकाने. हल्ली मी टाचण हातात आलं की आधी फक्त 'विद्यार्थी कृती' हा रकाना वरून खालपर्यंत वाचतो. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी उत्तरे देतात.' 'विद्यार्थी फलकावरील शब्द वहीत लिहून घेतात.' 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' बहुतेक वेळा एवढंच. ही वाक्यं उचलून इतिहासाच्या टाचणात ठेवली तरी काही बिघडणार नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलाच्या तोंडून इंग्रजीचं कोणतं वाक्य येणार, कोणाला उद्देशून येणार, कशासाठी येणार, याचा पत्ता नसतो.

एक उदाहरण देतो. इयत्ता सहावी, घटक रस्ता विचारणं आणि सांगणं. प्रस्तावनेत ठरलेली प्रश्नमाला: 'व्हेअर डू यू लिव?', 'हाऊ डू यू कम टू स्कूल?', 'इफ अ स्ट्रेंजर आस्क्स यू द वे, व्हॉट विल यू से?' शेवटच्या प्रश्नाला वर्ग गप्प. तो गप्प बसावा अशीच योजना असते, कारण लगेच हेतुकथन, म्हणजे 'आज आपण हे शिकणार' असं सांगणं, करायचं असतं. मग छात्राध्यापिका संवाद वाचते, नवे शब्द फळ्यावर लिहिते, मराठी अर्थ सांगते. दोन हुशार मुलं उभी राहून संवाद वाचतात, तास संपतो. 'गो स्ट्रेट अँड टर्न लेफ्ट' हे वाक्य अठ्ठेचाळीस मुलांनी एकदाही उच्चारलेलं नसतं. आणि पाठ वाईट झाला असं कुणीच म्हणत नाही, कारण टाचणाप्रमाणे तो शंभर टक्के झालेला असतो.

मला वाटतं, इंग्रजीचं टाचण लिहायला मुलांच्या रकान्यापासून सुरुवात करावी. आधी मुलं काय बोलतील, वाचतील, लिहितील ते शब्दशः लिहावं आणि मग त्यासाठी आपण काय करू ते. पण छात्राध्यापकांना हे नेमकं कुठे, कोण आणि कसं शिकवतं? बी.एड., डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, पूर्वीची डी.एड.) केलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी कृपया लिहावं.

निवृत्त_अध्यापकाचार्य

खडूफळा, विषय काढलात हे फार बरं केलंत. मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं इंग्रजी अध्यापन पद्धती शिकवली, म्हणून हा साचा कुठून आला ते आधी सांगतो.

प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन ही पंचपदी जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवर उभी आहे. पाच पायऱ्यांचं ठाशीव रूप तिला त्यांच्या अनुयायांनी, झिलर आणि राइन यांनी दिलं. जुन्या ज्ञानाला नवं ज्ञान जोडायचं ही त्यामागची कल्पना. भूगोलातला मोसमी वारा किंवा गणितातलं एखादं सूत्र शिकवायला ती उत्तम आहे. पुढे १९५६ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं आणि आपल्याकडच्या टाचणात उद्दिष्टे व स्पष्टीकरणे हा रकाना पक्का झाला. पण दोन्हींचा रोख ज्ञानावर. भाषा हे कौशल्य आहे, ते वापरूनच येतं. इतिहास-भूगोलाच्या मापाने शिवलेला अंगरखा आपण इंग्रजीला घातला, ही मूळ अडचण.

तरीही साच्याच्या बाजूने दोन शब्द बोलतो. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पन्नास मुलांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याचे पाय लटपटत असतात. पुढे काय करायचं हे कागदावर असलं की तो सावरतो. रकाने विचारांना शिस्त लावतात. सूक्ष्मअध्यापनाचंही, म्हणजे मोजक्या जणांसमोर काही मिनिटांत एकेका अध्यापन कौशल्याचा सराव करण्याचंही, तसंच. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. भारतीय प्रतिमानात एक चक्र छत्तीस मिनिटांचं असतं: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६. यातली १२ मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. नुकताच घेतलेला पाठ लगेच नव्याने आखायला लावणारी जागा अख्ख्या अभ्यासक्रमात एवढीच आहे. दुर्दैवाने वेळ नाही म्हणून पहिली कात्री तिलाच लागते. प्रश्नकौशल्य, प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन), फलकलेखन सुटं सुटं होतं, ही कौशल्यं एकत्र जोडणारे सेतुपाठ उरकले जातात आणि मुलं थेट शाळेत सरावपाठाला येतात.

नवी_बाई

नमस्कार. मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोळा आठवड्यांची आंतरवासिता चालू आहे. खडूफळा सर, तुम्ही लिहिलेला 'विद्यार्थी कृती'चा रकाना वाचला आणि माझी टाचणवही समोर घेऊन बसले. अगदी तशीच आहे.

पण सर, आम्ही तरी काय करावं? रकाने बदलले तर टाचणावर सही होत नाही, आणि सही नसेल तर पाठ धरला जात नाही. पाठ झाल्यावर शेरे येतात: 'आवाज स्पष्ट', 'फलकलेखन सुवाच्य', 'शैक्षणिक साधनांचा वापर चांगला', 'वर्गनियंत्रण ठेवावे'. मुलं इंग्रजीत बोलली का, हे कुणी विचारत नाही. शिवाय माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. वर्गात ऐनवेळी इंग्रजीतून सूचना सुचत नाहीत, मग मी मराठीत येते. याचीही तयारी टाचणातच करायची असते का?

खडूफळा

हो ताई, टाचणातच करायची. सगळ्यांत आधी तीच. आपण वर्गात देणार त्या सूचना शब्दशः लिहून काढा: 'टर्न टू युअर पार्टनर.' 'डोंट शो युअर मॅप.' 'यू हॅव फाइव्ह मिनिट्स.' एका पाठाला अशा आठ-दहा सूचना लागतात आणि त्याच परत परत लागतात. महिनाभरात त्या तोंडात बसतात. इंग्रजी माध्यमातून आलेले छात्राध्यापक तर उलट लांबलचक सूचना देतात आणि मुलं भांबावतात.

सहीचं म्हणाल तर रकाने आहेत तसे ठेवा, मजकूर बदला. 'विद्यार्थी उत्तरे देतात' याऐवजी मूल जे वाक्य बोलेल ते अवतरणचिन्हात लिहा. चुकीचं बोललं तर काय बोलेल तेही लिहा. यावर सही न करणारा मार्गदर्शक मी तरी पाहिलेला नाही.

मेळघाटी

मी अमरावती जिल्ह्यात मेळघाटात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी. डी.एड.ला शिकलो ते टाचण एका वर्गाचं, एका विषयाचं, एका तासाचं. इथे माझ्यासमोर एका खोलीत दोन इयत्ता असतात, सोबतचे सर रजेवर असले की चारही. आमच्या मुलांची घरची भाषा कोरकू. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. म्हणजे 'मातृभाषेतून अर्थ सांगा' म्हणून मी मराठीत सांगितलं तरी पहिलीच्या पोराला ते परकंच.

राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. धोरण बदललं, पण बहुवर्ग शाळेत इंग्रजीचं टाचण कसं करायचं याचा एकही पाठ आम्हाला प्रशिक्षणात नव्हता. करता करता मला सापडलेला मार्ग सांगतो. चित्र एकच ठेवायचं, काम वेगवेगळं द्यायचं. आठवडी बाजाराचं मोठं चित्र फळ्याशेजारी लावतो. पहिलीची मुलं बोट ठेवून म्हणतात, 'टोमॅटो', 'गोट', 'बास्केट'. दुसरीची 'टू गोट्स', 'रेड टोमॅटोज' म्हणतात. तिसरीची मुलं विचारतात, 'हाऊ मेनी गोट्स?' आणि चौथीची तीन वाक्यं लिहितात. टाचणात मी चार ओळी लिहितो, प्रत्येक इयत्तेच्या तोंडचं वाक्य. शिक्षक कृती एका ओळीत मावते. साहेबांना ते टाचण अपुरं वाटतं, पण मला त्यानेच तास नेता येतो.

आणि कोरकू शब्द? ते मी मुलांकडूनच विचारून घेतो आणि चित्राखाली देवनागरीत लिहितो. मग इंग्रजी शब्द येतो तेव्हा तो थेट ओळखीच्या वस्तूला चिकटतो.

खडूफळा

मेळघाटी सर, तुमच्या चार ओळींत जे आहे ते आमच्या चार पानांत नसतं. जमलं तर एका आठवड्याचं टाचण इथे टंकून द्याल का? डी.एल.एड.च्या मुलांना दाखवायला फार उपयोगी पडेल.

कर्वेरोड

मी पुण्यात प्रौढांना इंग्रजी शिकवते. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम केलाय, त्यातलं नियोजन कसं शिकवतात ते लिहिते. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात प्रत्येकाने सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि त्यावर मूल्यमापन. सहा तास हे ऐकायला फार थोडे वाटतात. पण प्रत्येक पाठाआधी टाचणावर चर्चा आणि पाठानंतर गटात बसून चिकित्सा असते, त्यामुळे ते सहा तास अंगात मुरतात. शिवाय आपले सहकारी शिकवताना आपण मागे बसून बघत असतो.

तिथल्या टाचणात दोन गोष्टी आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. एक म्हणजे 'अपेक्षित अडचणी आणि उपाय' हा स्वतंत्र भाग. दुसरं, प्रत्येक टप्प्यासमोर कोण कोणाशी बोलतंय हे लिहायचं: शिक्षक वर्गाशी, विद्यार्थी विद्यार्थ्याशी, की एकेकटा. दोन पानं भरली तरी विद्यार्थी विद्यार्थ्याशी बोलतोय असं कुठेच आलं नाही, तर चूक लिहिणाऱ्यालाच दिसते.

सूचना कळली का हे तपासायची रीतही तिथे शिकले. 'अंडरस्टँड?' विचारलं की सगळे 'येस मॅडम' म्हणतात आणि कुणालाच कळलेलं नसतं. त्याऐवजी 'विल यू शो युअर मॅप टू युअर पार्टनर?' असं विचारायचं. 'नो' आलं म्हणजे कळलं. हे प्रश्न आधी टाचणात लिहावे लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत.

हे सगळं पन्नासच्या वर्गात जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. आमच्या वर्गात विद्यार्थी मोजके असतात. शुल्कही सामान्य छात्राध्यापकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण हे तीन प्रकार उचलायला एक रुपया लागत नाही.

निवृत्त_अध्यापकाचार्य

कर्वेरोड मॅडम, अगदी योग्य. मोठ्या वर्गाचं म्हणाल तर आपल्या शेजारचं उदाहरण आहे आणि ते अध्यापक महाविद्यालयांत फार कमी सांगितलं जातं. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या सर्वसाधारण शाळांत एक प्रकल्प चालवला. जगभर तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधणं, नकाशावरून रस्ता काढणं. आधी तसंच एक काम शिक्षक पूर्ण वर्गाबरोबर तोंडी सोडवणार, मग तसंच दुसरं काम मुलांनी आपापलं करायचं. गटकार्य नाही, महागडी साधनं नाहीत, शिक्षकही इथलेच.

त्यांचा एक निकष नियोजनाच्या दृष्टीने फार कामाचा आहे. वर्गातल्या साधारण निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं, तर काम योग्य पातळीचं. सगळ्यांना सगळं जमलं तर ते फार सोपं होतं. छात्राध्यापक काठिण्यपातळी विचारतात तेव्हा मी हाच निकष सांगत आलो.

पहिला_बाक

एक भर घालते. हल्ली छात्राध्यापक चॅटजीपीटीवरून टाचण काढतात. इंग्रजी निर्दोष, उपक्रमही आकर्षक. पण 'मुलांना चार गटांत चार कोपऱ्यांत पाठवा' असं लिहिलेलं असतं आणि आमच्या वर्गात बाकांमधून चालायलाही जागा नाही. शाळेत गेल्या गेल्या आधी वर्ग मोजावा, बाक मोजावेत, फळा कुठून दिसतो ते बघावं आणि मग टाचणाला बसावं.

खडूफळा

पहिला_बाक यांनी जागेचा मुद्दा काढलाच आहे, तर तोच रस्ता सांगण्याचा पाठ अरुंद वर्गात कसा आखता येईल ते लिहितो. नवी_बाई, तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर.

आधी मुलांच्या रकान्यात तासाचा शेवट लिहायचा. प्रत्येक मूल जोडीदाराला विचारेल, 'व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?' आणि जोडीदार सांगेल, 'गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट. इट इज निअर द बस स्टँड.' हे दोन्ही मुलांनी किमान दोनदा केलं पाहिजे. यासाठी फोटोकॉप्या लागत नाहीत. फळ्यावर गावाचा साधा नकाशा काढायचा: एसटी स्टँड, ग्रामपंचायत, दवाखाना, मारुतीचं देऊळ, बँक. बाकावरच्या एकाने फळ्याकडे पाठ करून बसायचं. त्याच्या वहीत रस्ते आहेत, ठिकाणं नाहीत. त्याने विचारायचं, दुसऱ्याने फळा बघून सांगायचं, पहिल्याने वहीत ठिकाण भरायचं. मग जागा बदलायच्या आणि फळ्यावरची ठिकाणंही बदलायची. विचारल्याशिवाय माहिती मिळतच नाही, म्हणून बोलावंच लागतं.

आता मागे यायचं. हे जमायला मुलांना आधी काय हवं? दिशांच्या तीन सूचना. त्या अंगाने शिकवाव्यात: उभं राहून 'टर्न लेफ्ट', 'टर्न राइट', पाचेक मिनिटं. मग मी एका मुलाला फळ्याकडे पाठ करून बसवतो आणि पूर्ण वर्गाकडून त्याला रस्ता सांगवतो. प्रभूंच्या पद्धतीतली तोंडी फेरी ती हीच. मग जोड्या, त्यांना निदान पंधरा मिनिटं. शेवटी उरलेल्या वेळात दोन वाक्यं लेखी.

अपेक्षित अडचणींत दोन चुका आधीच लिहून ठेवा. मुलं 'बस स्टँड निअर' म्हणणार, कारण आपण 'स्टँडजवळ' म्हणतो. आणि 'व्हेअर पोस्ट ऑफिस इज?' असं विचारणार. जोड्या बोलत असताना थांबवू नका, फिरत फिरत कानावर पडेल ते कागदावर टिपा, शेवटी दोन वाक्यं फळ्यावर घेऊन वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या.

प्रस्तावनेची प्रश्नमाला? ती पूर्ण वगळली तरी पाठाचं काही अडत नाही. परीक्षेच्या पाठात हवीच असेल तर एक प्रश्न पुरे.

नवी_बाई

सर, पाठ घेतला! फळ्याकडे पाठ करून बसायचं म्हटल्यावर मुलं इतकी खूश झाली की पहिली दोन मिनिटं त्यातच गेली. 'बस स्टँड निअर' अगदी तुम्ही लिहिलं तसंच आलं, आणि मी आधीच लिहून ठेवलेलं असल्यामुळे गडबडले नाही. मागच्या दोन रांगा मराठीतच बोलत होत्या, पण ठिकाणांची नावं आणि 'लेफ्ट-राइट' इंग्रजीत. बहुतेक जोड्यांचा नकाशा अर्धाअधिक भरला. लेखी भाग राहिला. नेहमी दुसऱ्या बाकावर गप्प बसणाऱ्या एका मुलीने जोडीदाराला तीन वेळा 'नो, नो, टर्न लेफ्ट' असं ठणकावून सांगितलं. वर्ष सुरू झाल्यापासून तिचं इंग्रजी मी ऐकलंच नव्हतं.

शेरा मात्र आला: 'वर्गात गोंगाट. नियंत्रण आवश्यक.'

निवृत्त_अध्यापकाचार्य

ताई, मनापासून अभिनंदन. शेऱ्याने खचू नका. निरीक्षकाला टाचणातच सांगून ठेवायचं. जोड्यांच्या टप्प्यासमोर 'या वेळी सर्व विद्यार्थी एकाच वेळी बोलतील' असं स्पष्ट लिहा, आणि थांबवायची खूणही: हात वर, किंवा फळ्यावर दोन टिचक्या. मग निरीक्षक गोंगाट मोजत नाही, खूण केल्यावर वर्ग किती लवकर शांत होतो ते बघतो. लेखी भाग राहिला तर टाचणाच्या शेवटी तशी नोंद करा आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथून करा. या नोंदी सूक्ष्मअध्यापनातल्या त्या बारा मिनिटांचंच काम करतात.

मेळघाटी

फळ्याकडे पाठ करून बसण्याची युक्ती उद्या तिसरी-चौथीला करतो. खडूफळा सर, आठवड्याचं टाचण रविवारी टंकून टाकतो.

नवी_बाई

सर्वांचे आभार. पुढचा पाठ सातवीची कविता आहे आणि मार्गदर्शक मॅडमना रसग्रहण हे उद्दिष्ट हवंय. तिथे मुलांच्या रकान्यात काय लिहू?

खडूफळा

कवितेत अर्थ सांगायची घाई करू नका. पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद, तुम्ही दोनदा मोठ्याने म्हणा. नंतर मुलांच्या रकान्यात हे लिहा: 'प्रत्येक विद्यार्थी आवडलेली एक ओळ निवडून जोडीदाराला म्हणून दाखवतो, आणि ती का आवडली ते "आय लाइक दिस लाइन बिकॉज..." या वाक्यात सांगतो.' 'बिकॉज'च्या पुढे शब्द अडला तर मराठी चालेल, हेही तिथेच लिहा, म्हणजे नंतर त्यावर शेरा येणार नाही. मॅडमना हवं ते रसग्रहण यातच आलं. यमकाच्या जोड्या मुलांनाच शोधू द्या. कठीण शब्दांची यादी फळ्यावर आधी नको, मुलं विचारतील तेवढेच शब्द घ्या.

टाचण झालं की इथे टाका, फक्त तासाच्या दोन दिवस आधी, म्हणजे बदल करायला वेळ मिळेल.